दिसलेला मित्र की आठवलेला मित्र?

‘अ ब्यूटिफुल माइंड’ हा चित्रपट २००१ साली आला. त्याला चार ऑस्कर पारितोषिके मिळाली, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचेही होते. इतक्या जुन्या चित्रपटावर आता लिहिण्याचे कारण असे, की चित्रपटगृहांतून तो केव्हाच गेला असला तरी शाळा-महाविद्यालयांतून गेलेला नाही. २२ डिसेंबरचा गणित दिन असो की १० ऑक्टोबरचा मानसिक आरोग्य दिन, उत्साही शिक्षकांना हाच चित्रपट हटकून आठवतो. त्यात गणित आहे, आजार आहे, नोबेल आहे, आणि शेवट गोड आहे. आमची तक्रार या शिक्षकांविषयी मुळीच नाही. परंतु चित्रपट पाहून उठलेल्या मुलांना ‘स्किझोफ्रेनिया म्हणजे काय?’ असे विचारले, तर बहुतेकांकडून एकच उत्तर येते: ‘नसलेली माणसे दिसणे.’ हे उत्तर अर्धवट आहे. त्या अर्धवटपणाची किंमत पुढे कोणाला तरी मोजावी लागते, म्हणून हा लेखप्रपंच.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांची आधीच क्षमा मागतो, कारण त्यातील रहस्य फोडल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

चित्रपटाचा नायक जॉन नॅश ही खरी व्यक्ती. जन्म १९२८ चा, अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या ब्लूफील्ड गावचा. १९४८ मध्ये ते प्रिन्स्टन विद्यापीठात आले आणि १९५० मध्ये, तीस पानेही न भरणाऱ्या प्रबंधावर, त्यांनी पीएच.डी. मिळवली. त्या प्रबंधातील समतोलाची कल्पना आज अर्थशास्त्रापासून उत्क्रांतिशास्त्रापर्यंत सर्वत्र वापरली जाते. १९५९ च्या प्रारंभी, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांचा आजार उघड झाला. पुढची जवळजवळ तीन दशके त्यात गेली. हळूहळू ते सावरले. १९९४ मध्ये जॉन हरसान्यी आणि राइनहार्ड झेल्टेन यांच्याबरोबर त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल स्मृतिपारितोषिक मिळाले. मे २०१५ मध्ये नॉर्वेतून आबेल पारितोषिक स्वीकारून परतताना न्यू जर्सीतील महामार्गावर झालेल्या मोटार अपघातात ते आणि त्यांच्या पत्नी ॲलिशिया, दोघेही गेले. सिल्व्हिया नासर यांनी १९९८ मध्ये त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले. चित्रपटाने नाव त्या चरित्राचे घेतले. कथा मात्र बरीचशी पटकथाकार अकिवा गोल्ड्समन यांची आहे.

चित्रपटातला नॅश प्रिन्स्टनला येतो तेव्हा त्याला चार्ल्स नावाचा खोलीतला सोबती मिळतो. बडबड्या, रसिक, मित्राला आधार देणारा. पुढे चार्ल्सची लहान भाची मार्सी येते. त्यानंतर पार्चर नावाचा सरकारी अधिकारी येतो आणि नियतकालिकांच्या मजकुरात दडलेले शत्रूचे संदेश शोधण्याची गुप्त कामगिरी नॅशवर सोपवतो. निम्मा चित्रपट उलटल्यावर प्रेक्षकाला कळते, की हे तिघेही अस्तित्वात नाहीत.

ही क्लृप्ती उत्तम साधली आहे, हे प्रथमच मान्य करू. मानसिक आजाराविषयीचे बहुतेक चित्रपट रुग्णाकडे बाहेरून पाहतात. विस्कटलेले केस, गरगर फिरणारे डोळे, पार्श्वभूमीला वेडेवाकडे संगीत. येथे दिग्दर्शक रॉन हॉवर्ड प्रेक्षकालाच आजारात नेऊन बसवतात. चार्ल्स आपल्यालाही दिसलेला असतो, त्याचे विनोद आपणही ऐकलेले असतात. डॉक्टर वसतिगृहाच्या नोंदी तपासून ‘नॅश त्या खोलीत एकटाच राहत होता’ असे सांगतात, तेव्हा आपलाही पहिला विश्वास डॉक्टरांवर बसत नाही. त्यानंतरचा प्रसंग तर विज्ञान शिकवणाऱ्यांनी मुद्दाम पाहावा. नॅशने ‘सरकारला’ पाठवलेली पाकिटे ॲलिशिया त्या जुन्या वाड्याच्या टपालपेटीतून काढून आणते आणि त्याच्यासमोर ठेवते. एकही फोडलेले नाही. भाषण नाही, वाद नाही, केवळ पुरावा. भ्रमाशी तर्काने भांडण्यापेक्षा अशी एक साधी वस्तू किती बोलकी असते, हे इतक्या थोडक्यात दाखवलेले आम्हांला अन्यत्र आढळले नाही.

आता तक्रारी. पहिली तक्रार अनेकांनी केली आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. खऱ्या नॅशना माणसे दिसत नव्हती. आजाराच्या सुरुवातीला त्यांना भास नव्हतेच, भ्रम होते. भास म्हणजे बाहेर काही नसताना काही ऐकू येणे, दिसणे, जाणवणे. भ्रम म्हणजे पुराव्याने न ढळणारी चुकीची खात्री. नॅश एके दिवशी ‘न्यू यॉर्क टाइम्स’चा अंक हातात घेऊन एमआयटी या संस्थेत सहकाऱ्यांपुढे आले आणि त्यातल्या एका मजकुरात बाह्य शक्तींनी आपल्यासाठी सांकेतिक संदेश ठेवला आहे, असे सांगू लागले. लाल टाय घातलेली माणसे त्यांना एका गुप्त कटाचे सभासद वाटू लागली. येथे वर्तमानपत्र खरे आहे, छापील अक्षरे खरी आहेत, टाय खरोखर लालच आहेत. डोळ्यांनी काहीही चूक केलेली नाही. चूक अर्थाची आहे. आवाज ऐकू येणे पुढे काही वर्षांनी सुरू झाले. आणि या आजारात सर्वांत जास्त आढळणारा भास आवाजांचाच. आकृती दिसण्याचे प्रमाण त्याहून बरेच कमी.

चित्रपट हे दृश्य माध्यम आहे, डोक्यातला आवाज पडद्यावर दाखवणे कठीण, असा बचाव यावर केला जातो. बचाव रास्त आहे. आम्हीही तो मान्य केला असता. परंतु या सोयीमुळे दुसरी एक गोष्ट झाकली गेली आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोललेले नाही.

ती अशी. नॅश रुग्णालयात जातो तेव्हा डॉक्टरांपुढे पुरावा कोणता असतो? नॅश सांगतो, की प्रिन्स्टनमध्ये चार्ल्स नावाचा मित्र आपल्याबरोबर राहत होता. वसतिगृहाची नोंद सांगते, की तो एकटा राहत होता. यावरून डॉक्टर, आणि त्यांच्यामागोमाग प्रेक्षक, निष्कर्ष काढतात: म्हणजे त्या काळी नॅशला चार्ल्स दिसत होता. पण हा निष्कर्ष निघतोच असे नाही. दुसरी शक्यता उरते. प्रिन्स्टनमध्ये नॅशला कोणीही दिसत नव्हते. तो खरोखरच एकटा राहत होता, एकटा अभ्यास करत होता. काही वर्षांनी आजार सुरू झाला आणि त्या आजारात त्याला असा मित्र असल्याची आठवण ‘झाली’. तेव्हा दिसलेला मित्र, की आता आठवलेला मित्र? रुग्णाचे आजचे निवेदन दोन्ही बाबतींत अगदी सारखेच असेल. दहा-बारा वर्षांपूर्वी भास झाला होता की नाही, हे केवळ त्याच्या आठवणीवरून ठरवता येत नाही. कारण आठवण हीच तर संशयित आहे.

खऱ्या नॅशच्या आयुष्याशी ताडून पाहिले, तर चित्रपटाची मांडणी आणखी अवघड होते. विद्यार्थिदशेत नॅश विक्षिप्त, तुसडे, स्पर्धाखोर होते, असे त्यांचे सहाध्यायी सांगतात; पण आजारी होते असे कोणी म्हटलेले नाही. दिवसरात्र नसलेल्या माणसाशी गप्पा मारणारा विद्यार्थी वसतिगृहात कोणाच्याही लक्षात येणार नाही, हे पडद्यावरच शक्य आहे. (चार्ल्सची आठवण खऱ्या नॅशना होती असे आम्ही म्हणत नाही, चार्ल्स हे पूर्णपणे पटकथेचे अपत्य आहे.) आमचे म्हणणे एवढेच, की पटकथेने स्वतःच एक विलक्षण प्रश्न उभा केला आणि तो पाहिलाच नाही.

या लक्षणाला मनोविकारशास्त्रात जुना इतिहास आहे. एमिल क्रेपेलिन यांनी १८८६-८७ मध्ये स्मृतीच्या खोटेपणावर लेख लिहिले. काही रुग्ण पूर्वी कधीच न घडलेल्या घटना घडल्याचे खात्रीने सांगतात, तर काहींना पहिल्यांदाच भेटलेली परिस्थिती पूर्वी अनुभवल्यासारखी वाटते, असे त्यांनी नोंदवले आणि या प्रकारांची वर्गवारीही केली. कार्ल यास्पर्स यांच्या १९१३ च्या ग्रंथात भ्रमात्मक आठवणींना स्वतंत्र स्थान आहे. याचे दोन प्रकार सांगता येतील. एकात घटना खरी असते, पण तिला आज नवा अर्थ चिकटतो. समजा, चौथीत असताना बाईंनी डोक्यावरून हात फिरवला होता; आता रुग्णाला कळते, की तो हात म्हणजे आपल्या निवडीची खूण होती. दुसऱ्यात घटनाच नवी असते: लहानपणी आपल्याला रात्री उचलून नेले होते, आपले आईवडील त्या रात्रीपासून बदललेले आहेत, असे अचानक आठवते. अचानक, हा शब्द महत्त्वाचा. आठवण कालच उगवलेली असते, पण तिच्यावर तारीख वीस वर्षांपूर्वीची असते. ज्या प्रमाणात भास आणि भ्रम यांचा अभ्यास झाला, त्या मानाने या लक्षणाकडे संशोधकांचे लक्ष फारच थोडे गेले आहे. रुग्णाला ‘आवाज ऐकू येतात का?’ असे विचारण्याची पद्धत आहे. ‘अलीकडे जुने काही नव्याने आठवू लागले आहे का?’ असे क्वचितच विचारले जाते.

येथे वाचक म्हणतील, की खोट्या आठवणी तर सर्वांनाच असतात. अगदी बरोबर, आणि ते शिक्षकांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? डी.एड., बी.एड.ला ज्यांचे नाव पाठ करावे लागते त्या झां पियाजे यांचेच उदाहरण घ्या. आपण दोनेक वर्षांचे असताना पॅरिसमधील शाँझेलिझे मार्गावर बाबागाडीतून आपल्याला पळवण्याचा प्रयत्न झाला, दाईने प्रतिकार केला, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठले, गर्दी जमली, आखूड झगा घातलेला पोलीस आला, हे सारे त्यांना स्पष्ट दिसत असे. ते पंधरा वर्षांचे असताना त्या दाईचे पत्र आले. तिचे मतपरिवर्तन झाले होते. सगळी हकीकत आपण रचली होती असे कबूल करून तिने बक्षीस मिळालेले घड्याळ परत केले. पियाजे यांनी घरात ऐकलेल्या गोष्टीचे चित्र मनात रंगवले होते आणि तेच त्यांना आठवण म्हणून दिसत होते.

वर्गातही हे करून पाहता येते. पुढील शब्द सावकाश, सेकंद-दोन सेकंदांच्या अंतराने वाचा: गादी, उशी, रात्र, स्वप्न, जांभई, पांघरूण, घोरणे, अंगाई, डुलकी, चादर, दमणूक, पहाट. मग दोन मिनिटे भलतेच काही बोला आणि मुलांना आठवतील ते शब्द लिहायला सांगा. ‘झोप’ हा शब्द किती वह्यांत आला ते मोजा. यादीत तो नाही. जेम्स डीस यांनी १९५९ मध्ये योजलेली ही पद्धत हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅक्डरमॉट यांनी १९९५ मध्ये पुन्हा वापरली. त्यांच्या पहिल्या प्रयोगात असा न वाचलेला शब्द सुमारे ४० टक्के वेळा आठवला गेला, दुसऱ्यात ५५ टक्के वेळा. हे सारे निरोगी महाविद्यालयीन विद्यार्थी होते. वरील मराठी यादी आमची आहे. तिचे आकडे तुमच्या वर्गाचे तुम्हीच काढायचे.

मग आजाऱ्यात आणि आपल्यात फरक तो कोणता? सहज सुचणारे उत्तर असे, की रुग्णाला खोट्या आठवणी जास्त होत असतील. गंमत अशी, की शब्दयाद्यांच्या या प्रयोगात स्किझोफ्रेनियाचे रुग्ण निरोगी माणसांपेक्षा जास्त फसतात असे एकूणात दिसत नाही. हॅम्बुर्गचे स्टेफेन मॉरिट्झ आणि कॅनडातील टॉड वुडवर्ड यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात केलेल्या अभ्यासांतून फरक वेगळ्याच जागी सापडला. प्रत्येक उत्तराबरोबर ‘तुम्हाला किती खात्री आहे?’ असेही विचारले. निरोगी माणसे बरोबर उत्तराविषयी ठाम होती, चुकीच्या उत्तराविषयी जरा चाचरत होती. रुग्णांमध्ये हे अंतर कमी झालेले होते. चुकीच्या उत्तरांवर त्यांची खात्री जास्त, आणि बरोबर उत्तरांवर काहीशी कमी. चूक करणे हा आजार नव्हे. आपल्या चुकीच्या कडेला जो एक ‘बहुधा’ असतो, तो नाहीसा होणे, ही आजाराची जागा. याच निष्कर्षांतून पुढे रुग्णांना स्वतःच्या विचारांकडे तपासून पाहायला शिकवणारी एक उपचारपद्धती तयार झाली, आणि ती आता अनेक देशांत औषधांच्या जोडीने वापरली जाते.

आठवण खरी की मनात रचलेली, हे मेंदू मुळात ठरवतो कसे? मार्सिया जॉन्सन आणि कॅरोल रे यांनी १९८१ मध्ये याचे एक चांगले उत्तर दिले. आठवणीवर ‘खरी’ असा शिक्का नसतो. खऱ्या अनुभवाच्या आठवणीत रंग, आवाज, जागा, वेळ असे तपशील जास्त असतात. कल्पिताच्या आठवणीत ती कल्पना करताना घेतलेल्या श्रमांच्या खुणा असतात. मेंदू हा माल तपासतो आणि मूळ ठरवतो. म्हणजे हे एक प्रकारचे अनुमान आहे, आणि अनुमान म्हटले की ते चुकणार. या तपासणीत कपाळामागच्या मध्यभागातील मेंदूचा वाटा मोठा आहे. तेथे एक घडी काहींच्यात लांब, काहींच्यात आखूड, तर काहींच्यात नसतेच. केंब्रिज येथील जॉन सायमन्स यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केले, की स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये ही घडी सेंटिमीटरभर आखूड असेल, तर भास होण्याची शक्यता सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली दिसते. घडी आखूड म्हणजे आजार, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. निरोगी माणसांतही ती आखूड असते, आणि अशा काहींना आपण पाहिलेले आणि आपण कल्पिलेले यांत फरक करणे थोडे जड जाते, एवढेच.

हे लक्षात घेऊन आता चित्रपटाच्या सर्वांत लाडक्या प्रसंगाकडे येऊ. पावसात नॅश ॲलिशियाच्या गाडीपुढे धावत येतो आणि सांगतो, की मार्सी मोठी होत नाही. इतकी वर्षे झाली, ती तेवढीच आहे, म्हणजे ती खरी असू शकत नाही. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. गणिती बुद्धीने आजारावर मात केली! शिक्षकही हा प्रसंग ‘तर्काचा विजय’ म्हणून दाखवतात.

आमच्या मते हाच प्रसंग सर्वांत कच्चा आहे. नॅशचे अनुमान कशावर उभे आहे? पूर्वी पाहिलेली मार्सी आणि आज दिसणारी मार्सी यांच्या तुलनेवर. म्हणजे त्याची पूर्वीची आठवण अबाधित, तारीखवार, विश्वासार्ह आहे असे चित्रपट गृहीत धरतो. आजार फक्त डोळ्यांत आहे, स्मृती स्वच्छ आहे आणि तर्क त्याहून स्वच्छ आहे. प्रत्यक्षात हा आजार इतका सभ्य नसतो. तर्क शाबूत असलेल्या रुग्णाला चुकीची आठवण मिळाली तर तो तिच्यावरून बिनचूक तर्कानेच चुकीच्या ठिकाणी पोहोचतो, आणि जितका हुशार तितका लवकर पोहोचतो. मार्सी वाढत नाही? मग तिला काही आजार असेल, किंवा शत्रूने तिची जागा दुसऱ्या मुलीला दिली असेल. असे स्पष्टीकरण शोधायला मोठ्या प्रतिभेचीही गरज नाही. नासर यांच्या चरित्रात एक प्रसंग आहे. आजारपणात भेटायला आलेल्या एका गणितज्ञाने नॅशना विचारले, की सिद्धतेला वाहिलेला तुमच्यासारखा माणूस असल्या गोष्टींवर विश्वास कसा ठेवतो. नॅश यांच्या उत्तराचा आशय असा होता, की त्या कल्पनाही मला गणितातल्या कल्पना सुचतात तशाच सुचल्या. या एका उत्तरात आजाराचे जितके वर्णन आहे, तितके पावसातल्या प्रसंगात नाही. पटकथाकाराने ते चरित्र वाचले होते. हे उत्तर मध्यवर्ती ठेवून चित्रपट केला असता, तर तो कदाचित चार पारितोषिकांचा झाला नसता, पण खरा झाला असता.

खरे नॅश बरे कसे होत गेले? त्यांनी १९९४ मध्ये नोबेलच्या वेळी लिहिलेल्या आत्मपर टिपणात म्हटले आहे, की आपण भ्रमाच्या वळणाने जाणारे काही विचार हळूहळू बुद्धीने नाकारू लागलो. तेव्हा तर्काचा वाटा मुळीच नाही असे नव्हे. पण ते ‘हळूहळू’ वर्षानुवर्षांचे होते. त्यात प्रिन्स्टनच्या सहकाऱ्यांची सहनशीलता होती, वाढते वय होते, आणि ॲलिशिया यांचे घर होते. चित्रपटात न सांगितलेली गोष्ट अशी, की त्यांचा घटस्फोट १९६३ मध्ये झाला होता. तरीही १९७० पासून ॲलिशियांनी त्यांना घरात आसरा दिला, आणि २००१ मध्ये ते पुन्हा विवाहबद्ध झाले. अखंड प्रेमाच्या कहाणीपेक्षा ही कहाणी आम्हांला मोठी वाटते.

औषधांबाबत चित्रपट सरळ सरळ असत्य बोलतो. नोबेलच्या सुमारास आपण नवी औषधे घेत असल्याचे त्यातला नॅश सांगतो. खऱ्या नॅशनी १९७० नंतर औषधे घेतली नव्हती. हे वाक्य का घातले असावे ते समजते: चित्रपट पाहून रुग्णांनी औषधे सोडू नयेत. हेतू चांगला आहे, आणि आम्ही डॉक्टर असतो तर कदाचित आम्हीही तेच केले असते. पण वर्गात दाखवताना ही गोष्ट झाकू नये. मुले आज ना उद्या ती वाचणारच. आणि ‘नॅश तर औषधांवाचून बरे झाले’ हे अर्धसत्य एकट्याने वाचण्यापेक्षा शिक्षकांसमोर वाचलेले बरे. एका माणसाची कहाणी ही आकडेवारी नव्हे. नॅश सावरले, तसे न सावरलेलेही पुष्कळ आहेत. औषधे अचानक बंद केल्यावर आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे अनेक रुग्णांच्या दीर्घ निरीक्षणातून सिद्ध झालेले आहे. हे सारे दहा मिनिटांत सांगता येते.

आपल्याकडचा ‘देवराई’ हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा चित्रपट या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. त्यात रहस्य नाही, धक्का नाही; आजारी भावाला सांभाळणाऱ्या बहिणीचे दमणे आहे. शिक्षकांना एकच चित्रपट दाखवायचा असेल तर आम्ही तो सुचवू. गणित त्यात नाही, ही अडचण आहे खरी.

या साऱ्याचा शाळेशी संबंध काय? स्किझोफ्रेनिया जगात साधारणपणे तीनशे माणसांमागे एकाला असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मुलग्यांत तो बहुधा विशीच्या आगेमागे सुरू होतो, मुलींत थोडा उशिरा. म्हणजे अकरावी-बारावीचे आणि पदवीचे वर्ग हे त्याचे उंबरठे आहेत. ज्या मुलांनी ‘नसलेली माणसे दिसणे’ हीच व्याख्या शिकलेली आहे, ती मुले अशा वर्गमित्राला ओळखणार नाहीत. आणि खुद्द त्या मुलालाही वाटेल, ‘मला कोणी दिसत नाही, म्हणजे मला काही झालेले नाही.’ समजा, एखादा शांत मुलगा सांगू लागला, की दहावीच्या परीक्षेत पर्यवेक्षकांनी आपल्या उत्तरपत्रिकेवर खूण केली होती आणि हे आपल्याला गेल्या आठवड्यात आठवले. शिक्षकांची पहिली प्रतिक्रिया काय असते? ‘खोटं बोलू नकोस’, किंवा ‘त्या वेळी का नाही सांगितलंस?’ पण तो खोटे बोलत नाही. त्याच्या दृष्टीने ते घडलेले आहे, पियाजेंना पोलिसाचा झगा दिसत होता तितकेच स्पष्ट. फरक असा, की पियाजेंनी पत्र आल्यावर आठवण खोटी म्हणून मान्य केली. या मुलापुढे पत्र ठेवले तर तो पत्रच बनावट ठरवील.

उलट टोकाला जाऊन, नव्याने काही आठवले की झाला आजार, असे समजणेही तितकेच वाईट. मुलांना उशिरा आठवलेल्या, उशिरा सांगाव्याशा वाटलेल्या गोष्टींत खरा छळही असू शकतो, आणि ‘खोटी आठवण’ हा शब्द तो दडपण्यासाठी वापरला गेल्याची उदाहरणे आहेत. शिक्षकाने न्यायाधीश होऊ नये. मुलगा काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवावे. सुचवणारे प्रश्न विचारू नयेत, कारण प्रश्नांनीही आठवणी घडतात. झोप, अभ्यास, मित्रांशी बोलणे यांत अलीकडे काही बदल आहे का, ते पाहावे. छळाचा संशय असेल तर तो नेमून दिलेल्या यंत्रणेपर्यंत पोहोचवावा. आजाराची शंका असेल तर घरच्यांशी बोलून मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. तज्ज्ञ जवळ नसेल तर शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक आहे. २०२२ पासून तो चालू आहे आणि त्यावर मराठीतूनही बोलता येते.

चित्रपट दाखवायचाच असेल तर काही व्यावहारिक सूचना. तो १३५ मिनिटांचा आहे, एका तासिकेत बसत नाही. रहस्य उघड होईपर्यंतचा भाग एका दिवशी दाखवावा आणि थांबावे. मुलांकडून आपापल्या वहीत, चार्ल्स कोणकोणाशी बोलला ते आठवणीने लिहून घ्यावे. दुसऱ्या दिवशी तेच प्रसंग पुन्हा लावून वह्या ताडून पाहाव्यात. चार्ल्स नॅशशिवाय कोणाशीही बोलत नाही. पण तो इतरांशी बोलल्याचे किती जणांनी लिहिले ते मोजावे आणि प्रत्येकाला खात्री किती होती तेही विचारावे. इन्सुलिनच्या उपचाराचा प्रसंग नववी-दहावीच्या मुलांसाठी वगळलेला बरा. तो उपचार खऱ्या नॅशना १९६१ मध्ये ट्रेंटनच्या सरकारी रुग्णालयात दिला गेला होता आणि पुढे जगभर बंद पडला, एवढे तोंडी सांगितले तरी पुरे.